उतरता आवाज आणि पुढची मैफल

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. ज्यांच्याकडे आपण अठरा वर्षे शिकत आहात आणि ज्यांच्या मागे बसून तंबोरा व स्वरसाथ करता, त्या आपल्या बाई आता ६९ वर्षांच्या आहेत. गेल्या तीन वर्षांत त्यांचा तार षड्ज, म्हणजे वरच्या सप्तकातला सा, डळमळू लागला आहे, दमसास अर्ध्यावर तुटतो आणि तासाभराने आवाज बसतो. तरीही निमंत्रणे येतात आणि त्या ती स्वीकारतात. घरचे म्हणतात, आता पुरे; बाई म्हणतात, गाणे थांबले तर मी उरू कशाला? त्यांना थांबायला सांगावे का, आणि सांगायचे तर ते कुणी व कसे, असे आपण विचारले आहे.

मी ख्याल शिकलो, काही वर्षे गायलो, आणि नंतर गेली एकतीस वर्षे गाणाऱ्यांच्या आवाजावर उपचार व प्रशिक्षण हेच काम केले. त्या अनुभवावरून सांगतो, की थांबायचे की गात राहायचे हा प्रश्न बहुतेक वेळा चुकीच्या टोकाने धरलेला असतो. गायक एका दिवशी निवृत्त होत नाही. आधी एखादी तान निवृत्त होते, मग पट्टी, म्हणजे ज्या उंचीवर आपण सा धरतो ती, मग तीन तासांची बैठक, मग एखादा आवडता राग. या लहान लहान निवृत्त्या ज्यांना वेळेवर घेता येतात ते पुष्कळ उशिरापर्यंत ऐकण्यासारखे गातात. ज्यांना त्या घेता येत नाहीत त्यांच्यावर एकच मोठी निवृत्ती लवकर आणि अपमानास्पद रीतीने येऊन कोसळते. म्हणून आपल्या बाईंनी थांबावे का, यापेक्षा त्यांच्या गाण्यातले काय काय आता थांबवायला हवे, हे शोधणे अधिक उपयोगाचे आहे.

पण त्याआधी एक गोष्ट व्हायला हवी, आणि ती टाळणारेच मला अधिक भेटतात. बाईंचा आवाज उतरला आहे तो वयाने, असे आपण गृहीत धरले आहे. ते सिद्ध झालेले नाही. कान-नाक-घशाच्या ज्या डॉक्टरांना गायकांचे गळे तपासण्याची सवय आहे त्यांच्याकडून स्ट्रोबोस्कोपी करून घ्यावी. या तपासणीत लुकलुकणाऱ्या प्रकाशामुळे स्वरतंतूंचे कंपन संथ झाल्यासारखे दिसते, त्यामुळे साध्या दुर्बिणीतून न दिसणारी सूज, ताठरपणा किंवा मिटताना राहणारी फट लक्षात येते. चार आठवड्यांहून अधिक टिकलेला घोगरेपणा कोणत्याही वयात तपासल्यावाचून सोडू नये, कारण क्वचित का होईना, त्यामागे कर्करोग असू शकतो. आणि गाताना आवाज एकाएकी गेला, तर स्वरतंतूत रक्तस्राव झाल्याची शक्यता धरून तिथल्या तिथे गाणे थांबवायचे असते. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनी तर हे विसरूच नये.

औषधांचा विषय निघालाच आहे तर तो पूर्ण करतो. साठीनंतर गायकाच्या पिशवीत औषधांची डबी असतेच. ॲलर्जीच्या गोळ्या आणि लघवी वाढवणाऱ्या गोळ्या घसा कोरडा करतात, रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी कोरडा खोकला लागतो आणि तो खोकला स्वरतंतूंना आपटत राहतो, दम्याच्या स्टिरॉइड इनहेलरने आवाज घोगरा होतो. आम्लपित्त रात्री घशापर्यंत येत असेल तर सकाळचा षड्ज लागत नाही. माझ्याकडे एकदा ६६ वर्षांचे एक गायक आले होते. त्यांनी मनाने निरोपाची मैफलही ठरवली होती. त्यांच्या घशात इनहेलरमुळे बुरशीचा संसर्ग झालेला होता. डॉक्टरांनी त्यावर उपचार केले, इनहेलरनंतर चूळ भरण्याची शिस्त लागली, आणि ते पुढे सात वर्षे गायले. अर्थात कोणतेही औषध आपल्या मनाने बंद करायचे नसते, पण लिहून देणाऱ्या डॉक्टरला आपण गातो हे सांगायचे असते. आश्चर्य वाटेल, पण बरेच गायक ते सांगतच नाहीत.

आता खरे वय. स्वरतंतूच्या गाभ्यात एक स्नायू असतो आणि त्याच्यावर मऊ थरांचे आवरण असते. वय वाढते तसा स्नायू बारीक होतो, आवरणातली लवचिकता देणारी तंतुद्रव्ये कमी होतात आणि ताठर तंतू वाढतात. परिणामी दोन्ही स्वरतंतू धनुष्यासारखे किंचित बाक घेतात आणि मिटताना मध्ये बारीक फट राहते. त्या फटीतून हवा निसटते. दम पुरत नाही अशी जी तक्रार असते तिचे अर्धे कारण फुप्फुसात नसून इथे असते. उरलेले कारण मात्र छातीचेच: बरगड्यांचा पिंजरा ताठ होतो, आणि एका श्वासात बाहेर सोडता येणारी हवा वयाबरोबर घटत जाते. स्वरयंत्राच्या कूर्चा हळूहळू हाडासारख्या कडक होतात, त्यांचे सांधेही इतर सांध्यांप्रमाणे कुरकुरतात, आणि ओलावा देणाऱ्या ग्रंथी मंदावतात. रजोनिवृत्तीनंतर स्त्रियांचा आवाज खाली सरकतो, तर पुरुषांचा बोलण्याचा सूर उतारवयात उलट थोडा चढतो आणि पातळ होतो. तरुण गळ्यातला नैसर्गिक कंप सेकंदाला साधारण पाच ते सात वेळा होतो आणि कानाला तो एकजीव लागतो. वयाबरोबर तो संथ आणि रुंद झाला की प्रत्येक हेलकावा वेगळा ऐकू येऊ लागतो, आणि श्रोता म्हणतो, स्वर हलतो आहे.

हे सारे एकाच दिवशी घडत नाही, आणि ज्या क्रमाने घडते तो क्रम फसवा आहे. सर्वांत आधी जातात ते हलक्या आवाजातले वरचे स्वर. जोर लावून घेतलेला तार षड्ज पुढे कित्येक वर्षे लागत राहतो, त्यामुळे गायकाला काही बिघडले आहे असे वाटत नाही; पण तोच षड्ज कुजबुजण्याइतक्या हलक्या लगावाने घ्यायला सांगितला तर तिथे नुसती हवा येते किंवा स्वर क्षणभर उशिरा उमटतो. मी तपासतो ते एवढेच. त्यानंतर वेगाच्या ताना गोळा होऊ लागतात, म्हणजे दाणे सुटे राहत नाहीत. मग लांब मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग सरकणे, मध्येच विरते. स्थिर स्वर कणसूर, म्हणजे किंचित बेसूर, होणे हे बहुधा शेवटी येते, आणि जोर लावण्याच्या सवयीने ते लवकर येते, कारण फट बंद करण्यासाठी गायक गळा आवळतो आणि आवळलेल्या गळ्यातून स्वर उतरता तरी लागतो किंवा चढा तरी. आपल्या बाईंचा आवाज तासाभराने बसतो यावरून मला हीच शंका अधिक येते, की दोष वयाचा थोडा असावा आणि वयाशी चाललेल्या झटापटीचा जास्त.

वय हेच सर्व काही असते तर गायकांच्या चरित्रांत इतका विस्कळीतपणा दिसला नसता. ऑपेरा गायिका मारिया कॅलसचा जन्म १९२३चा. तिच्या आवाजातील पडझड चाळिशीच्या आधीच चर्चेचा विषय झाली होती आणि १९६५नंतर ती पूर्ण ऑपेरात उभी राहिली नाही. याउलट इटालियन गायिका माग्दा ओलिव्हेरोने न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात पहिले पाऊल टाकले तेच १९७५ साली, वयाच्या पासष्टीत आणि 'तोस्का'च्या मुख्य भूमिकेत. मल्लिकार्जुन मन्सूर ऐंशीच्या उंबरठ्यावरही ज्या दमदारपणे रागाचा गुंता विणत होते, ते ध्वनिमुद्रणांत आजही ऐकता येते. गळ्याची ठेवण, आजारपणे, नशीब हे सगळे यात असते, पण त्याबरोबर कोणी काय गायले आणि काय गायचे नाकारले हेही असते. ऑपेरा गायक आल्फ्रेडो क्राउस सत्तरीच्या जवळ येईपर्यंत ताजा वाटला, कारण त्याने आयुष्यभर आपल्या गळ्याला झेपतील अशाच हलक्या, सुरेल भूमिका केल्या आणि मोठ्या, जड भूमिकांचा मोह धरला नाही.

गळ्यापेक्षा मला अधिक भीती वाटते ती कानाची. यावर कुणी बोलत नाही म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. वाढत्या वयात ऐकू येणे कमी होते ते वरच्या कंपनसंख्यांपासून, आणि मग ते खाली सरकत येते. आवाजाला धार आणि तेज देणारा जो पट्टा प्रशिक्षित गळ्यात आढळतो तो सेकंदाला ३०००च्या आसपासच्या कंपनांचा, म्हणजे या घसरणीच्या वाटेवरच असतो. तंबोऱ्याच्या जवारीतली, म्हणजे तारेच्या घोडीवरच्या गुंजारवातली, झळाळीसुद्धा वरच्या स्वरांशांतच असते. त्यामुळे कान उतरला की गायकाला आपला आवाज झाकोळलेला वाटतो आणि तो अधिक जोर लावतो; तंबोरा बोलत नाही अशी त्याची तक्रार सुरू होते, आणि जवारी पुन्हा पुन्हा काढायला लावली जाते. शिवाय स्वतःचा आवाज आपल्याला कवटीच्या हाडांतूनही ऐकू येतो आणि त्या वाटेने खालचे स्वरांश अधिक येतात, म्हणून आतून सारे भरीव व सुरेल भासत असताना बाहेर कणसूर जात असू शकते. आपल्या बाई अलीकडे तंबोरा वाढवा, मॉनिटर वाढवा, असे वारंवार म्हणत असतील तर गळ्याबरोबर श्रवणचाचणीही करून घ्या. श्रवणयंत्र लागलेच तर ते देणाऱ्या तज्ज्ञाला संगीतासाठी वेगळी मांडणी करून मागावी. बोलणे स्पष्ट ऐकू यावे म्हणून केलेल्या नेहमीच्या मांडणीत शिट्टी रोखण्याची जी सोय असते, ती तंबोऱ्यासारख्या अखंड स्वरालाच शिट्टी समजून त्याला विचित्र कंप आणू शकते. असे यंत्र लावून एकजण गायला बसले होते. ते सूर शोधत राहिले आणि दोष गळ्याला देत राहिले.

तपासणीनंतर वयच उरले असे दिसले, तर दोन कामे समांतर चालू करायची. पहिले व्यायामाचे आहे आणि ते मी थोडक्यात आटोपतो, कारण ते कागदावरून शिकायचे नसते. बारीक नळीतून, म्हणजे साध्या स्ट्रॉमधून, स्वर धरून खाली-वर नेण्याने तोंडाशी जो दाब तयार होतो तो स्वरतंतूंना कमी आदळआपटीत कंप पावायला मदत करतो. आवाजोपचारतज्ज्ञ जोसेफ स्टेंपल यांनी बेतलेल्या चार व्यायामांची मालिका दिवसातून दोनदा, प्रत्येक व्यायाम दोनदा, अशी केली जाते आणि उतारवयातल्या आवाजासाठी ती चांगली उपयोगी पडते. तरुणपणीचा तीन तासांचा सलग रियाज आता वीस-वीस मिनिटांचे तुकडे करून करावा. पहाटे उठून खर्ज भरण्याची, म्हणजे खालच्या सप्तकातले स्वर घोटण्याची, सवय असेल तर चालू ठेवावी, पण आधी गळा जागा करून, आणि खर्ज ऐकू यावा म्हणून तो दाबून न काढता. सहा ते आठ आठवड्यांत फरक कळतो. व्यायामाने भागले नाही तर स्वरतंतूत भराव करणारे इंजेक्शन किंवा ती फट कमी करणारी शस्त्रक्रिया असे उपाय आहेत. त्यांनी बोलणे बरेच सुधारते, मात्र वरच्या नाजूक स्वरांबाबत फार मोठे वचन देणाऱ्या डॉक्टरवर मी लगेच विश्वास ठेवत नाही.

दुसरे काम गाण्याच्या नव्या मापाचे, आणि खरी कसोटी तिथे आहे. पट्टीपासून सुरुवात करू. या बाबतीत आपले संगीत फार उदार आहे. ऑपेरा गाणाऱ्याचा स्वर संहितेत लिहिलेला असतो आणि शंभर वादकांचा वाद्यवृंद त्याच्यासाठी सहजासहजी खाली उतरत नाही. तरीही उतरतो, हे जाता जाता सांगायला हवे: व्हर्दीच्या 'इल त्रोवातोरे'मधले 'दि क्वेल्ला पीरा' हे गीत अर्ध्या किंवा एका स्वराने खाली घेण्याची प्रथा जुनी आहे, आणि गंमत अशी की ज्या उंच स्वरासाठी ही सारी खटपट होते तो व्हर्दीने लिहिलेलाच नाही. आपल्याकडे षड्ज गायकाचा असतो. आपल्या बाई काळी पाचमध्ये गातात असे आपण लिहिले आहे; पट्टीची ही नावे हार्मोनियमच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांवरून येतात. त्या पट्टीतला तार षड्ज म्हणजे सेकंदाला सुमारे ४६६ कंपने, आणि काळी चारमध्ये तोच सुमारे ४१५. तार पंचमाचा फरक पाहिला तर सुमारे ६९८ वरून ६२२वर येतो. गळ्याला हा फरक प्रचंड असतो. आधी पांढरी सहा करून पाहावी, महिनाभर तिथे रमावे, मग काळी चार. आणि वर जे गेले त्यातले काहीतरी खाली मिळते. या वयात स्त्रियांना मंद्रातले जे स्वर नव्याने सापडतात त्यांचा उपयोग करून घेणाऱ्या गायिका मी ऐकल्या आहेत, आणि त्यांचे पूर्वार्धातले आलाप तरुणपणीपेक्षा भारदस्त झालेले मला वाटले.

पट्टी उतरवण्याची किंमतही आहे. तंबोऱ्याच्या तारा ढिल्या पडतात, जवारी बदलते, प्रसंगी तारा जाड घ्याव्या लागतात. तबलजींना दुसऱ्या सुराचा तबला आणावा लागतो, म्हणून आधी कळवावे लागते. गरजेपेक्षा जास्त उतरवले तर फट असलेला गळा खालच्या अंगाला पोकळ वाजू लागतो. आणि खरी अडचण मनाची असते. पट्टी खाली आणणे हा आपल्याला पराभव वाटतो, याचे कारण पट्टीला आपण कर्तृत्व समजून बसलो आहोत. तंबोरा कोणत्या पट्टीत लावला आहे हे सभागृहातल्या बहुसंख्य श्रोत्यांना कळत नाही. स्वर ओढून आणला आहे हे मात्र प्रत्येकाला कळते.

पट्टीनंतर कार्यक्रमाचे माप. सलग अडीच तासांऐवजी पन्नास मिनिटांचे दोन भाग, मध्ये खरा विसावा. अतिद्रुत तानांचे आवर्तन कमी करून बोलांवर, लयीच्या अंगावर आणि स्वरांच्या जागांवर भर. वरच्या स्वरांत रमणाऱ्या उत्तरांगप्रधान रागांपेक्षा मध्य व मंद्र सप्तकात खुलणारे राग. लागोपाठ दोन दिवस मैफल घ्यायची नाही. इतका बदल केला तर गाणे उणे होते का? मला तसे वाटत नाही, आणि माझ्या म्हणण्यामागे सर्वांत मोठा आधार अल्लादियाखाँसाहेबांचा आहे. अतिगायनाने त्यांचा आवाज गेला आणि परत आला तेव्हा पहिला गोडवा व फिरत त्यात उरली नव्हती. उरलेल्या आवाजाला काय शोभेल याचा शोध घेताना त्यांनी लयीशी घट्ट बांधलेली, वक्र आणि गुंतागुंतीची जी गायकी घडवली तिला आपण आज जयपूर-अत्रौली घराणे म्हणून ओळखतो. म्हणजे एका घराण्याच्या मुळाशी बिघडलेला गळा आहे. गंगूबाई हनगलांचा भारदस्त, पुरुषी धाटणीचा आवाजही घशाच्या शस्त्रक्रियेनंतरचा होता, आणि आज त्यांच्या गाण्याची कल्पना त्या आवाजावाचून करता येत नाही.

बदल स्वीकारण्याच्या वाटा सगळीकडे सारख्या नाहीत. १९०२ साली जन्मलेला गायक ह्यूग क्युएनो १९८७ मध्ये, चौऱ्याऐंशी वर्षांचा असताना, मेट्रोपॉलिटन ऑपेरात प्रथमच गायला, ते 'तुरांदोत'मधल्या थकलेल्या वृद्ध सम्राटाच्या छोट्या भूमिकेत. तिथे थरथरता आवाज हा भूमिकेचाच भाग होता. प्लासिदो दोमिंगो कारकिर्दीचा बराच मोठा काळ टेनर, म्हणजे उंच पुरुषी आवाजाचा गायक, म्हणून गाजला आणि २००९ मध्ये 'सिमोन बोक्कानेग्रा'पासून त्याहून खालच्या, बॅरिटोन भूमिकांकडे वळला. पल्ला खाली आला तरी आवाजाचा रंग टेनरचाच राहिला अशी टीका त्यावर झाली, आणि मला ती पटते. माप बदलणे म्हणजे नुसते स्वर खाली आणणे नाही, हे त्यातून दिसते. गायिका-गीतकार जोनी मिचेलने मात्र हे फार सुंदर साधले. 'बोथ साइड्स, नाउ' हे आपलेच गाणे तिने १९६९च्या ध्वनिमुद्रिकेत तरुण, उंच आवाजात गायले होते आणि २०००मध्ये खालच्या, धुरकट आवाजात वाद्यवृंदाबरोबर पुन्हा गायले. आयुष्याकडे दोन्ही बाजूंनी पाहिल्याचे सांगणारे ते शब्द दुसऱ्या वेळीच खरे वाटतात. मी माझ्या विद्यार्थ्यांना दोन्ही ऐकवतो आणि काही बोलत नाही.

आता आपला भाग, म्हणजे मागे बसून केलेली स्वरसाथ. आपण लिहिले आहे की गेल्या काही मैफलींत बाई वर जाऊ लागल्या की आपणच तो स्वर आधी उचलता, आणि त्याबद्दल आपल्याला अपराधी वाटते. वाटण्याचे कारण नाही. शिष्याने गुरूचा स्वर भरून धरणे हे साथीचे कामच आहे. पण दोन प्रकारांत फरक करावा. बाई जिथे पोहोचून थांबल्या तिथे स्वर टिकवून धरणे ही साथ झाली. बाईंनी तोंड उघडायचे आणि स्वर आपला ऐकू यायचा, हे झाकणे झाले, आणि ते घडू लागले की गायिकेला स्वतःचा गळा कुठवर जातो हे कळण्याची वाट बंद होते. दोघींनी आधी ठरवून घ्यावे: अमुक जागेपर्यंत बाई, पुढची फिरत शिष्येची, आणि ती उघडपणे शिष्येची. श्रोत्यांना हे आवडते, कारण त्यात विद्येचा वारसा डोळ्यांसमोर दिसतो. ध्वनिक्षेपकाचेही असेच आहे. चांगला माइक आणि समजदार ध्वनिव्यवस्थापक असेल तर गायिकेला जोर लावावा लागत नाही, हलक्या लगावातच काम होते, यात लबाडी काही नाही. आधी ध्वनिमुद्रित केलेले वाजवून ओठ हलवणे याला मात्र मी गाणे म्हणत नाही, जरी त्याची कारणे समजून घेता येतात. ऑपेरा गायक पावरोट्टीने २००६च्या तुरिन हिवाळी ऑलिंपिकच्या उद्घाटनात शेवटचे गायले, तेव्हा ते आधीच मुद्रित केलेले होते. बाहेर कडाक्याची थंडी होती, तो आजारी होता, आणि त्याच वर्षी पुढे त्याच्या कर्करोगाचे निदान झाले.

सांगायचे कुणी आणि कसे? यात मी स्वतः एकदा मोठी चूक केली आहे. एका ज्येष्ठ गायकांच्या मैफलीच्या मध्यंतरात मी पडद्यामागे जाऊन त्यांना म्हणालो, पंडितजी, आज वर जाऊ नका. हेतू चांगला होता. ते उत्तरार्धात वर गेले, केवळ मला दाखवण्यासाठी, आवाज फाटला, आणि त्यानंतर दोन वर्षे त्यांनी माझ्याशी बोलणे सोडले. मैफलीच्या दिवशी, आधी किंवा नंतर, या विषयावर एक शब्दही काढू नये, हे मी तेव्हा शिकलो. घरच्यांनी सांगू नये, कारण त्यात काळजीची सरमिसळ असते आणि गायक ती काळजी म्हणून बाजूला ठेवतो. आयोजक सांगत नाहीत, त्यांना नाव हवे असते. श्रोते उभे राहून टाळ्या वाजवतात, आणि त्या टाळ्या आजच्या गाण्याला आहेत की तीस वर्षांपूर्वीच्या, हे गायकाला कळायला मार्ग नसतो. उरते ध्वनिमुद्रण. मैफलीनंतर आठ-दहा दिवसांनी, निवांत दुपारी, बाईंनी स्वतः ऐकावे. आपण शेजारी असाल तर काही न बोलता. गाण्याचा कान शाबूत असलेला कलावंत दहा मिनिटांत आपल्याला जे सांगायचे होते ते स्वतःच म्हणतो. शेजारी जुने, उमेदीच्या काळातले ध्वनिमुद्रण मात्र लावू नका. त्या तुलनेत कुणीच जिंकत नाही, आणि हरल्यावर गायक एक तर चिडतो किंवा खचतो. दोन्हींतून काही शिकत नाही.

पूर्ण थांबण्याची वेळही असते, हे नाकारून आपल्याला खोटा दिलासा देत नाही. गाऊन झाल्यावर घसा दुखणे, दोन दिवस बोलताही न येणे, हे प्रत्येक मैफलीनंतर होत असेल आणि उपचारांनी हटत नसेल तर मंच सोडावा. ध्वनिमुद्रण ऐकूनही कणसूर स्वर गायिकेच्या ध्यानात येत नसेल तर माझ्या दृष्टीने तो सर्वांत गंभीर इशारा आहे; आवाज पडलेला गायक ऐकता येतो, कान पडलेला ऐकवत नाही. स्मृतीचे वेगळे आहे. अमेरिकन गायक टोनी बेनेटला अल्झायमरचे निदान २०१६ साली झाले होते, तरी ऑगस्ट २०२१मध्ये, पंच्याण्णवाव्या वाढदिवसाच्या दिवशी, तो न्यूयॉर्कमध्ये मंचावर उभा राहिला आणि त्याला गाणी आठवली, कारण वर्षानुवर्षे घोटलेले सूर व शब्द पुष्कळदा इतर आठवणींच्या मागाहून जातात. पण त्याच्या भोवती माणसे होती, कार्यक्रमाचे माप ठरलेले होते आणि त्यानंतरचे दौरे कुटुंबाने रद्द केले. तेवढी व्यवस्था नसेल तर ते धाडस मी कुणाला सुचवणार नाही.

आपल्या बाईंच्या बाबतीत आज मला यांपैकी काहीच झालेले दिसत नाही. त्यांची पुढची मैफल नऊ आठवड्यांनी आहे असे आपण कळवले आहे. तेवढा वेळ पुरेसा आहे. या आठवड्यात स्ट्रोबोस्कोपी आणि श्रवणचाचणी. त्यात काही आढळले नाही तर पुढच्या आठवड्यापासून रोजचा व्यायाम आणि रियाजाचे तुकडे. पट्टीची गोष्ट शब्दांनी काढू नका. एखाद्या संध्याकाळी, घरात दुसरे कुणी नसताना, तंबोरा पांढरी सहाला लावून ठेवा आणि बाई बसल्या की नेहमीसारखा छेडा. त्यांना फरक लगेच कळेल, कदाचित रागावतीलही. वरचा षड्ज हलक्या लगावाने लागला तर त्या तंबोरा पुन्हा चढवायला सांगणार नाहीत. मग तबलजींना फोन करा.